जस्ताचं नाणं

गड्ड्याच्या यात्रेत एका जुन्या नाण्यांच्या पथारीवर मला ते सापडलं. १९४२ सालचं नेदरलँड्सचं दहा सेंट. हातात घेतलं तर पत्र्यासारखं हलकं, रंग पावसाळी ढगाचा. फरशीवर टाकून पाहिलं, चांदीचा खणखणाट नाही, नुसता बद्द आवाज. मी भाव न करता घेतलं.

मे १९४०मध्ये जर्मनांनी देश घेतला आणि राणी विल्हेल्मिना लंडनला गेली. तांबं, निकेल युद्धाला हवं होतं, म्हणून १९४१पासून जस्ताची नाणी पाडली. आधी चांदीच्या दहा सेंटवर राणीचा चेहरा असे. माझ्या नाण्यावर तीन ट्यूलिप आहेत. पंचवीस सेंटवर शिडाचं जहाज. चेहरा काढून फुलं ठेवली, हे मला फार लागलं. रोज भाजी घेताना लोकांच्या हातात हेच यायचं ना!

जस्ताला ओल सोसत नाही. कडेला पांढरी भुकटी धरलीय, बोटाला खडूसारखी लागते. ती घासायची नाही, वरचा ठसाच जातो. सोलापूरची कोरडी हवा त्याला मानवते, पण पावसाळ्यात मी ते तांदळाच्या डब्यात ठेवते, कागदात गुंडाळून.

शेजारीच आजीचा १९४३चा भोकाचा पैसा आहे. धातू वाचवायलाच आपल्याकडे मधे भोक पाडलं होतं. आजी तो काळ्या दोऱ्यात ओवून ठेवायची, दोरा अजून तोच आहे.