धनगरी ओव्यांवर पीएचडी, ती पण जर्मनीत?

गेल्या रविवारी पप्पांचा फोन आला, जेवलीस का, थंडी किती आहे, आणि मग एकदम, "बरं, पुढं काय ठरवलंस?" हायडेलबर्गमधलं माझं एमए संपलंय, शिक्षणानंतर इथं नोकरी शोधायला 18 महिने मिळतात, त्यातले चार गेले, त्यामुळं प्रश्न काय चुकीचा नाही. मी म्हटलं पीएचडीचा विचार चाललाय. ते जरा वेळ गप्प, मग म्हणाले, "ओव्यांवर? त्यासाठी जर्मनीत?"

घरात सगळ्यांनाच हे कोडं आहे. आम्ही कवठेमहांकाळकडचे, लहानपणी आजोबांबरोबर आरेवाडीला बिरोबाच्या बनात जायचे, भंडारा फ्रॉकला लागला की चार धुण्यात पण जायचा नाही. इथं आले आणि लायब्ररीत गुंथर सोन्थायमर यांचं 1976 चं पुस्तक हाताला लागलं, बिरोबा, म्हस्कोबा आणि खंडोबावर, अख्खं जर्मनमध्ये! ते इथंच शिकवायचे, धनगरांमध्ये फिरून त्यांनी हे काम केलं, 1992 ला गेले. माझं जर्मन तेव्हा कच्चं, डिक्शनरी घेऊन एकेक ओळ लावत होते, आणि वाचता वाचता वाडा हा शब्द आला. वाडा म्हणजे मेंढरांचा वाडा, चौसोपी वाडा नव्हे, हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की इथं माझं काहीतरी काम आहे.

पण काम आहे म्हणून पोट भरत नाही ना.

इथं मानव्यविद्येत बहुतेक वेळा आधी प्रोफेसर शोधायचा, विषयाचा आराखडा लिहून द्यायचा, आणि त्यांनी हो म्हटलं की सुरुवात. एमएला आम्हा युरोपबाहेरच्यांना या राज्यात सेमिस्टरला 1,500 युरो फी होती, पीएचडीला ती नाही, त्यामुळं लांबून सगळं फुकट वाटतं. पण तीन-चार वर्षं खायचं काय? प्रोजेक्टवर जागा मिळाली तर बऱ्याचदा अर्ध्या पगाराची, नाहीतर स्कॉलरशिप, नाहीतर स्वतः कमवून. आमच्या होस्टेलमधली एक सीनियर पहाटे पाचला बेकरीत कामाला जाते आणि दुपारी थीसिस लिहायला बसते, सहावं वर्ष चालू आहे तिचं. खूप हुशार आहे. तिच्याकडं बघून मी एक पक्कं ठरवलंय, पैशाची सोय नसेल तर सुरूच करायचं नाही, आणि तुमच्यापैकी कुणी विचारात असाल तर तुम्हालाही हेच सांगेन.

आणि पुढचंही आधीच बघून ठेवा. जर्मनीत कायद्यानं युनिव्हर्सिटीत कॉन्ट्रॅक्टवर साधारण पीएचडीआधी सहा आणि नंतर सहा वर्षं काढता येतात, प्रोफेसर झालात तर ठीक, मधे कायमच्या जागा फार थोड्या. 2021 मध्ये इथल्या संशोधकांनी यावरून सोशल मीडियावर मोठा आवाज उठवला होता. आपल्याकडं तरी काय वेगळं आहे, सेट-नेट झालेली, पीएचडी केलेली माणसं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतायत. म्हणून डिग्रीनंतर नोकरी लागेलच असं मी धरतच नाहीये. मी स्वतःला एवढंच विचारते, नोकरी नाही लागली तरी ही चार वर्षं मला वाया गेली असं वाटेल का? रोज विचारते आणि आतापर्यंत रोज उत्तर नाही असंच आलंय.

दोन स्कॉलरशिपचे फॉर्म भरलेत. एक जरी मिळाली तर करणार, नाहीतर उन्हाळ्यात सामान बांधून घरी.

हे सगळं पप्पांना सांगितलं, ते नुसतं हं हं करत होते. परवा परत फोन. "आपल्या मळ्याकडं मेंढरं बसवलीत, त्यांच्यातला एक म्हातारा रात्री ओव्या म्हणतोय, त्याला विचारून मोबाइलवर घेऊ का?"

म्हटलं घ्या, आणि मधे कुठं बंद करू नका, संपेपर्यंत घ्या.