दोन, बे आणि बपोर

वडोदऱ्यातल्या मराठी घरात जे 'दोन', तेच मांडवीच्या गुजराती भाजीवाल्यापाशी 'बे' होतं. दोन्ही शब्द संस्कृत 'द्व'चेच, यावर पटकन विश्वास बसत नाही. दोघांत एक अक्षर सारखं नाही. पण भाषांचं नातं कानाला वाटणाऱ्या साम्यावर ठरत नाही. फरक नेमाने होतो का, ते पाहायचं.

दोन–बे, दुसरा–बीजो, दार–बारणुं, दुपार–बपोर. 'द्व'मधला द मराठीने राखला. गुजरातीने व राखून त्याचा ब केला. एका जोडीने काही सिद्ध होत नाही, पण चार जोड्या एकाच वाटेने गेल्या की योगायोग म्हणणं जड जातं. मधली पायरी दगडावर कोरलेली आहे: इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातल्या अशोकाच्या लेखात, जुनागढजवळच्या गिरनारला बाराला 'द्बादस' म्हटलंय, तर ओडिशातल्या धौलीला 'दुवादस'.

आता गोम. मराठीतही बारा, बावीस, बत्तीस, भाऊबीज यांत ब आहेच. आणि पाढा! 'बे दुणे चार' या तीन शब्दांत 'बे' हे 'द्वे'चं रूप, 'दुणे' हे 'द्विगुण'चं. दोन्ही वाटा एका ओळीत. उलट गुजरातीत दीडला 'दोढ' म्हणतात, तिथे द टिकला. आकडे आणि हिशेब व्यापाऱ्यांबरोबर एका बोलीतून दुसरीत जातात, म्हणून नियम तपासायला निव्वळ संख्यांवर भिस्त ठेवू नये.

उसने शब्द आधी वेगळे काढायचे, आणि नवखा माणूस फसतो तो इथेच. 'दार' वारशाने आलेलं. वडोदऱ्याच्या लहेरीपुरा दरवाजातला 'दरवाजा' फारसीतून घेतलेला. मराठी, गुजराती ज्या इंडो-युरोपीय भाषाकुळातल्या (इंग्रजी, ग्रीक, लॅटिनही त्यातल्याच), फारसीही त्यातलीच, त्यामुळे फारसी 'दर' आणि आपलं 'दार' भावंडंच. पण 'दरवाजा' पुरावा म्हणून मांडला, तर मोजली जाते उसनवारी, नातं नव्हे. चिटणीस, फडणीस यांतला 'नीस' (फारसी 'नवीस', लिहिणारा) तसाच. उलटी चूकही होते: फारसी 'बद' आणि इंग्रजी 'बॅड' यांचा अर्थ एक, उच्चार जवळजवळ एक, आणि नातं शून्य.

दाराचं प्रकरण जरा किचकट आहे. जर्मन भाषाभ्यासक याकोब ग्रिमने 1822 मध्ये मांडलेल्या नियमाप्रमाणे मूळच्या द चा इंग्रजीत ट होतो: द्व–टू, दश–टेन, दंत–टूथ. मग 'डोअर'मध्ये ड कसा? कारण तिथे मूळ ध होता, आणि इंग्रजी ड हा त्या ध चा वारस. ग्रीक 'थुरा' त्याचीच साक्ष देतो. संस्कृतात 'ध्वार' अपेक्षित होतं. 'द्वार' झालं ते बहुधा दोन फळ्यांमुळे, 'द्व'च्या प्रभावाने. अपवाद दिसला की नियम टाकून न देता अपवादाचं कारण शोधायचं, ते असं.

लॅटिननेही गुजरातीसारखंच केलं. जुनं 'द्विस' (दोनदा) पुढे 'बिस' झालं, 'दुएल्लुम' (युद्ध) 'बेल्लुम' झालं. म्हणजे 'बायसिकल'मधला 'बाय' आपल्या 'बे'चा दूरचा भाऊ, आणि 'सिकल' ग्रीक 'कुक्लोस'मार्फत आपल्या चाकाचा. तरी गुजराती आणि लॅटिन खास जवळच्या ठरत नाहीत; द्व चा ब दोघींनी आपापला केला. आर्मेनियनमध्ये दोनला 'एर्कु' म्हणतात. ऐकून कोणीही हसेल, पण तिथे 'द्व'च्या जागी 'एर्क' येणं 'लांब' आणि 'भिणे' या अर्थांच्या शब्दांतही दिसतं.

चाक, आस, जू यांना शब्द सामाईक आहेत, आणि चाकाची गाडी साधारण इसवी सनापूर्वी 3500 च्या आसपास दिसू लागते. त्यामुळे कुळाच्या बहुतेक शाखा त्याआधी वेगळ्या झाल्या असणं कठीण. काळ्या समुद्राच्या उत्तरेचा गवताळ प्रदेश हे मूळ ठिकाण मानणाऱ्यांना 2015 मध्ये प्राचीन डीएनएचंही बळ मिळालं. भारतीय शाखेचे सर्वांत जुने लिखित शब्द मात्र भारतात सापडत नाहीत, ते मिळतात तुर्कस्तानातल्या बोआझकॉयच्या मातीच्या पाट्यांवर. किक्कुली नावाच्या, मितान्नी या सीरियाकडच्या प्राचीन राज्यातल्या अश्वशिक्षकाने घोड्यांच्या फेऱ्या मोजल्यात: ऐक, तेर, पंझ, सत्त, न. एक, तीन, पाच, सात, नऊ. फेऱ्या विषम, त्यामुळे आपला दोन तिथे नाहीच.