जुळलं! पण रफाराचं काय करायचं?

राजेहो, आपला खेळ ठाऊकच आहे: जुन्या ओळीतली व्यंजनं, मात्रा, टिंबं तेवढीच ठेवून उलटसुलट मांडायची आणि आजच्या बातमीवर नवी ओळ जुळवायची. त्यात तुकोबांची ‘जे का रंजले गांजले’ अखेर फुटली. मागच्या नोंदीत ‘राजे गाजले, लेकं’पाशी घोडं अडलं होतं, दर वेळी टिंबवाला एक ज उरायचा. आता हे पहा:

कर्जें, लाजें जागले.

तीन ज, दोन ल, क, र, ग. तीन एकार, दोन काने, दोन टिंबं. शिल्लक शून्य! त्यात तृतीयेचं जुनं ‘एं’ असं बसलं की ओळ गाथेतलीच वाटावी. ऑक्टोबर २०२५मध्ये कर्जमाफीसाठी ट्रॅक्टर नागपूरच्या वेशीवर ठाकले, सरकारनं ३० जून २०२६पर्यंत निर्णयाचा शब्द दिला. ओळ कोणासाठी ते सांगायला नको.

आता घोळ. मूळ ओळीत र अख्खा आहे, मी त्याचा पाय मोडून रफार केला. आपल्या नियमात व्यंजनखातं आहे, मात्राखातं आहे, पण र च्या पोटातल्या ‘अ’चं खातंच नाही. स्प्रेडशीट सगळ्या खुणा मोजून म्हणते मूळ १५, माझी १६. जादा तो न दिसणारा हलन्त, म्हणजे पाय मोडल्याची खूण. अक्षरं मोजावी तर मूळ आठ, माझी सात. एकीकडे वाढ, दुसरीकडे घट! माझं मत, पाय मोडायला मुभा हवी. कर्ज, मोर्चा, दुष्काळ, निर्यात... आपल्याकडच्या बातमीचा जीवच जोडाक्षरात. मुभा नको म्हणणाऱ्या चोखवाल्यांनी काहून नाही ते सांगावं.

(चुंबकी अक्षरांचा मागवलेला डबा बिनकामाचा. टिंबं मोजकी, रफार नाहीच. लग्नपत्रिकेच्या पुठ्ठ्याचे तुकडे बरे.)

लिहिता लिहिता आणखी एक दिसलं. काही प्रतींत ‘का’ऐवजी ‘कां’ छापलंय. ते जादा टिंब सरळ ‘जागलें’वर चढतं, म्हणजे जागलं ते अख्खं गाव. ही मला पहिलीपेक्षा आवडली.

पुढं ‘त्यासि म्हणे जो आपुले’ घेणार होतो. पण पाय मोडायची मुभा मिळाली तर आधी म्हाइंभटांचं लीळाचरित्र. ते जिथं रचलं ते रिद्धपूर आपल्या अमरावती जिल्ह्यातलं, आणि महानुभावांनी सकळ लिपीत अक्षरांची अदलाबदल करून पोथ्या लिहिल्या. आपला खेळ त्यांना नवा वाटला नसता. आधी सकळ लिपीत फिरवून मग जुळवलं तर? नको, एका वेळी एकच भानगड. लीळाचरित्रातलं एखादं छोटं वाक्य हवंय, क, प, स भरपूर आणि ळ कमी असलेलं. कापसाच्या आयातशुल्कावर बोलायचंय. कोणाच्या हाताशी असेल तर धाडा.