नावात ‘आई’ का नाही?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. गरोदर बायकांचे आणि बाळंतिणींचे कपडे शिवून विकता, आणि ब्रँडच्या नावात आई नाही, बाळ नाही, मातृत्व नाही, साधं ‘मॉम’सुद्धा नाही, असं का? हा प्रश्न मला गिऱ्हाइकं कमी आणि असाच धंदा काढायला निघालेल्या बायका जास्त विचारतात. लगेच पुढचा येतो, ‘मग वहिनी, आम्ही काय ठेवू?’ त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. पहिल्याचं आहे. (आमचं नाव इथे लिहीत नाही, उगाच जाहिरात व्हायची. एका रानझाडाचं आहे, तीन अक्षरी, एवढं पुरे.)

आमचं युनिट मुळात शाळेच्या गणवेशाचं. सोलापुरात हे धंद्याचं रडगाणं नवीन नाही: शाळा सुरू होईपर्यंत रात्री उशिरापर्यंत मशिनी धडधडतात, आणि जून उलटला की कारागीर बायकांना काम काय द्यायचं हा प्रश्न. त्या मोकळ्या महिन्यांसाठी फीडिंग कुर्ती आणि गाऊन सुरू केले. नाव काढायला बसलो तेव्हा घरातल्या सगळ्यांनी सुचवलेल्या नावांत आई होतीच. मला ते काही केल्या पटेना. त्याआधी मी नवी पेठेत नात्यातल्यांच्या गाऊनच्या दुकानात काउंटरला बसायचे. तिथे काय दिसतं ते घरात बसून कळत नाही.

दिवस गेलेली बाई पहिल्यांदा येते ती बहुतेक एकटी येते. तिसरा महिना सरेपर्यंत बाहेर सांगायचं नाही, ही आपल्याकडची रीत तुम्हाला माहीतच आहे. ती ‘मॅटर्निटी’ हा शब्द तोंडातून काढत नाही. ‘जरा सैल दाखवा’ म्हणते. कुर्ती हातात घेते, बाजूची शिवण उलटी करून आत मार्जिन किती सोडलंय ते बघते, कमरेच्या इलॅस्टिकला काजं आहेत का ते चाचपते. घेते. आणि पैसे देताना हळूच म्हणते, ‘अक्का, पिशवी साधी द्या की.’ आता या बाईच्या हातात पोटावर हात ठेवलेल्या बाईचं चित्र आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘आई’ अशी पिशवी दिली, ती तिने स्कूटीच्या हुकाला अडकवली, की अशोक चौकात पोचेपर्यंत अर्ध्या पेठेला पेढ्यांचे वेध लागतात. शिवाय सगळ्यांचे दिवस पुरे होतात असं नाही. तसं झालं तर ती कुर्ती कपाटातच राहते, आणि मानेमागच्या लेबलावर काय विणलंय ते तिला दर वेळी दिसतं. हे मी कुणाशी बोलून ठरवलं नाही, पण ‘मातृत्व’ हे नाव माझ्यापुरतं तिथेच बाद झालं.

सातव्या महिन्यात येते ती तिची आई. पहिलं बाळंतपण माहेरचं, त्यामुळे खरेदीही माहेरची. ती चार गाऊन एकदम घेते, रंग पोरीला फोनवर दाखवून घेते, घासाघीसही जोरात करते. पण झबली-टोपडी दाखवा म्हटलं की हात आखडतो. बाळ यायच्या आधी बाळाचं काही घेत नाहीत. पाटीवरच ‘बाळ’ असलं तर अशी आई पायरी चढताना दोनदा विचार करते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

आणि बाळंतपणानंतर? आमच्या कुर्तीची खरी नोकरी तेव्हा सुरू होते. छातीजवळच्या चुणीत लपवलेली चेन असते, ती बंद केली की ऑफिसला, शाळेत शिकवायला, लग्नाला, कुठेही चालते. मूल अंगावर पितंय तोवर आणि त्यानंतरही बाया ती घालतात. आमच्याकडच्या उन्हाळ्यात सैल कॉटन कोण सोडतं? नावातच ‘मॅटर्निटी’ असतं, तर नऊ महिन्यांनी तिचं काम संपल्यासारखं झालं असतं.

देवाचं नाव का नाही, हे विचारणारेही आहेत. सिद्धेश्वरांचं गाव आहे, दर चार दुकानांत एक पाटी देवाच्या नावाची, आमच्या गणवेशाच्या युनिटचीही तशीच. तिथे ते शोभतं. पण गाऊन बाळंतीण घालते, सोयेरात घालते, आणि आतल्या लेबलावर देवाचं नाव दिसलं की घरातली सासू कात्री घेऊन बसते. पुढे तोच गाऊन जुना झाला की त्याचं फडकं होतं आणि त्याने फरशी पुसतात. एवढ्या लांबचा विचार नाव ठेवताना कुणी करत नाही, पण गाऊनचं शेवटी फरशीच पुसणं होतं हे सगळ्याच घरांत माहीत आहे.

आता कायद्याचं. १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचं ९वं कलम सांगतं की मालाचा प्रकार, उपयोग किंवा गाव सांगणारा नुसता शब्द एकट्याच्या मालकीचा करून मिळत नाही. वर्षानुवर्षं वापरून तो शब्द तुमच्याच नावाने ओळखला जाऊ लागला तर अपवाद आहे, पण काल सुरू झालेल्या धंद्याला त्याचा काय उपयोग? म्हणजे ‘मॅटर्निटी कुर्ती’, ‘फीडिंग वेअर’ असली नावं कामाची नाहीत. पुढे ‘सोलापुरी’ लावून तर मुळीच नाही. सोलापुरी चादर आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, ते गावाचं सामायिक धन आहे. आई आणि बाळाच्या जवळपासचे शब्द आधीच इतक्यांनी घेऊन ठेवलेत की उरलेल्या फटीत शिरायचं म्हणजे ११व्या कलमाखाली ‘आमच्या नावासारखं आहे’ अशी हरकत ओढवून घेणं.

कपडे २५व्या वर्गात येतात. ट्रेडमार्कच्या सरकारी साइटवर त्या वर्गात फुकट शोधता येतं. उच्चारावरून शोधायची सोय आहे, ती जरूर वापरा, स्पेलिंग बदललं म्हणजे नाव वेगळं झालं असं होत नाही. एकट्या व्यक्तीला किंवा छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला ४,५०० रुपये, नोंदणी १० वर्षांची, मग नूतनीकरण. नाव ट्रेडमार्कच्या सरकारी जर्नलमध्ये छापून आल्यावर ४ महिने कुणालाही विरोध करता येतो. गोलातला ‘आर’ नोंदणी हातात आल्याशिवाय लावायचा नाही, तो गुन्हा आहे. ‘टीएम’ आधीपासून चालतं. आणि हो, ‘उद्यम’चं, म्हणजे छोट्या उद्योगाच्या सरकारी नोंदणीचं, सर्टिफिकेट किंवा जीएसटी नंबर मिळाला म्हणजे नाव आपलं झालं, ही समजूत सोडा. मला भेटणाऱ्या निम्म्या जणी हेच समजून निवांत असतात.

एक बारीक गोष्ट राहिली. लेबल. विणलेलं लेबल करायला टाकलं की नाव बोटभर पट्टीवर धाग्यांनी उतरतं. जोडाक्षर, ऋकार, रफार असला की त्या आकारात पोकळ्या बुजतात आणि अक्षराचा गोळा होतो. ‘मातृत्व’ विणून बघा, ‘तृ’ कुठला आणि ‘त्व’ कुठला ते ओळखून दाखवा. नाव लांबलं तर पट्टी लांबते, तिची कड मानेला टोचते, आणि आधीच घामाने बेजार झालेली बाई पहिल्या दिवशीच लेबल उसवून टाकते. साधी तीन अक्षरं स्वच्छ बसतात. शिवाय आमचं गिऱ्हाईक निम्मं शहराच्या पूर्वभागातलं तेलुगू बोलणारं, काही विजयपूर-कलबुर्गीकडून दवाखान्याला येणारं कन्नड. फोनवर नाव एकदा ऐकून त्यांना ते बरोबर लिहिता आलं, की झालं.

मग आत काय मिळतं ते लोकांना कळणार कसं, असं तुम्ही म्हणालच. त्यासाठी पाटीवर नावाखाली एक ओळ आहे, मराठीत, तेलुगूत आणि कन्नडमध्ये. ती पेंटर कधीही बदलून देतो. परवाच तिच्यात ‘डोहाळजेवणाचे ड्रेस’ घातलं.