स्वस्त कॅमकॉर्डर: पाच स्टारवालेही खरे, एक स्टारवालेही खरे

स्वस्तातल्या छोट्या कॅमकॉर्डरबद्दल, ज्यांनी तो विकत घेतलाय त्यांचं म्हणणं वाचायला बसलं ना की डोकं चक्रावतं. एक जण लिहितो एवढ्या पैशात यापेक्षा भारी काही मिळणारच नाही, आणि त्याच्याच खाली दुसरा लिहितो पैसे पाण्यात गेले, नुसतं खेळणं आहे. मॉडेल तेच. आणि दोघंही खरं बोलत असतात. नीट वाचलं की कळतं, पहिल्याने दुपारच्या उन्हात पोरांची मॅच शूट केलेली असते आणि दुसऱ्याने रात्री घरात एका बल्बखाली वाढदिवस. मशीन बदललेलं नाही, उजेड बदललाय.

यामागचं कारण साधं आहे. या कॅमेऱ्यांमधला सेन्सर, म्हणजे उजेड टिपणारी चिप, करंगळीच्या नखाहून लहान असतो, लेन्सही छोटीच, त्यामुळे उजेड कमी झाला की कॅमेरा सिग्नल वाढवतो, सिग्नलबरोबर चित्रातले दाणे पण वाढतात, मग ते दाणे झाकायला आतलं सॉफ्टवेअर सगळं गुळगुळीत करून टाकतं आणि माणसाच्या चेहऱ्यावरच्या रेषाच पुसल्या जातात. शिवाय शटर हळू होतं, म्हणून हात हलला की मागे शेपूट दिसतं. हे या किमतीच्या प्रत्येक कॅमेऱ्यात कमीजास्त होणारच. मी गेली काही वर्षं हे छोटे कॅमकॉर्डर वापरतेय, घरातले आणि ओळखीतले घेण्याआधी विचारतात म्हणून त्यांचेही बरेच हाताळलेत, आणि माझं ठाम मत झालंय की लोकांचा राग त्या कॅमेऱ्यापेक्षा खोक्यावर छापलेल्या आकड्यांमुळे जास्त असतो. ४के, ४८ मेगापिक्सेल, ६० एफपीएस (सेकंदाला ६० फ्रेम), १६एक्स झूम असं वाचून माणूस एक चित्र मनात धरतो आणि हातात दुसरंच येतं.

त्या आकड्यांचं जरा बघू. ४के व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, म्हणजे साधारण ८३ लाख. फुल एचडीची, म्हणजे मेन्यूतल्या १०८०पीची, फ्रेम साधारण २१ लाख. म्हणजे खऱ्याखुऱ्या ४केला सुद्धा साडेआठ मेगापिक्सेल (एक मेगापिक्सेल म्हणजे दहा लाख पिक्सेल) पुरतात, मग ४८ कशाला? तर बऱ्याच वेळा सेन्सर मुळात तेवढा नसतोच, छोटं चित्र घेऊन कॅमेराच ते ताणून मोठं करतो आणि ताणलेल्याचा आकडा खोक्यावर जातो. हे ताणणं व्हिडिओतही चालतं. आणि ते घरी तपासता येतं, रिटर्नची मुदत असेपर्यंत नक्की तपासा.

वर्तमानपत्राचं एक पान भिंतीला चिकटवा, दिवसाउजेडी, कॅमेरा तीन-चार हातांवर टेबलावर पक्का ठेवून एकदा १०८०पीवर आणि एकदा ४केवर थोडंथोडं शूट करा. मग कॉम्प्युटरवर ४केवाला पूर्ण आकारात बघा आणि १०८०पीवाला तेवढाच मोठा करून शेजारी ठेवा. मोठे मथळे बघू नका, ते सगळीकडे चांगलेच दिसतात. बारीक मजकुरातले अनुस्वार आणि वेलांट्या बघा. फुल एचडीत जो अनुस्वार मात्रेला चिकटून एक काळा ठिपका झालाय तो ४केमध्ये सुटा दिसतोय का? दिसत असेल तर छान, कॅमेरा खरं बोलतोय. तोच ठिपका तसाच, फक्त मोठा होऊन आला असेल तर तुम्हाला मिळालीय नुसती जड फाइल, आणि मग सरळ १०८०पीवर सेट करून टाका, कार्डही वाचेल. माझ्या हातातून गेलेल्या स्वस्त कॅमेऱ्यांपैकी बरेचसे या अनुस्वाराच्या परीक्षेत ४केला नापास झालेत आणि तरीही १०८०पीला त्यातले काही खरंच चांगले निघालेत.

६० एफपीएसचं पण असंच. कॅमेऱ्यासमोरून हात सरळ रेषेत फिरवा, फाइल व्हीएलसी नावाच्या व्हिडिओ प्लेयरमध्ये उघडून पॉज करा आणि कीबोर्डवरचं ई दाबत एकेक फ्रेम पुढे जा. हात प्रत्येक फ्रेमला थोडाथोडा सरकला पाहिजे. दोन फ्रेम जागच्या जागी, मग उडी, परत दोन फ्रेम जागच्या जागी, असं होत असेल तर ३० फ्रेमच दोनदा छापल्यात. अजून एक बघायचं म्हणजे फाइलचा आकार. एका मिनिटाची फाइल किती एमबी आहे बघा, तिला ८ ने गुणा आणि ६० ने भागा, तो झाला बिटरेट, म्हणजे सेकंदाला किती डेटा साठतो ते, एमबीपीएसमध्ये (सेकंदाला मेगाबिट). म्हणजे ९० एमबीची मिनिटभराची फाइल म्हणजे १२ एमबीपीएस. सोनी आणि पॅनासॉनिकने २००६ मध्ये आणलेला एव्हीसीएचडी फॉरमॅट फुल एचडीलाच २४ एमबीपीएसपर्यंत जायचा, आणि इथे ४केचे चौपट पिक्सेल त्याच्या निम्म्यात कोंबलेले असतील तर झाडाची पानं हलली की चित्राचे चौकोन पडणार, त्यात नवल काही नाही.

झूमबद्दल थोडक्यात सांगते. लेन्समधली काच पुढेमागे सरकते तो ऑप्टिकल झूम, बाकी सगळं चित्र कापून मोठं करणं. स्वस्तवाल्यांवर बहुतेक वेळा डिजिटल झूमच असतो. शाळेच्या कार्यक्रमात शेवटच्या रांगेत बसून स्टेजवरचं पोर जवळ आणायचं म्हणून कॅमेरा घेणार असाल तर हा प्रकार घेऊच नका, खरंच सांगते, मनस्ताप होतो.

फोकसची तक्रारही खूप जणांची असते आणि ती दोन प्रकारची आहे. एक म्हणजे यातल्या अनेकांचा फोकस कायमचा ठरलेला असतो, एका ठराविक अंतराच्या पुढचं सगळं बऱ्यापैकी स्पष्ट आणि त्याच्या आतलं धूसर, त्यामुळे जवळून विणकाम दाखवायचंय, पुस्तकातलं पान दाखवायचंय, ते जमत नाही. दुसरी तक्रार अगदी उलटी असते, लांबचं सगळं धूसर येतंय म्हणून. त्यात कधीकधी लेन्सच्या बाजूला फुलाचं चित्र असलेलं एक सरकतं बटण असतं, ते खिशातून काढताना मॅक्रोवर (अगदी जवळचं शूट करायच्या सेटिंगवर) गेलेलं असतं आणि कोणाच्या लक्षात आलेलं नसतं. ते मागे सरकवलं की कॅमेरा ठीक. कॅमेरा परत पाठवायच्या आधी एकदा तेवढं बघा.

तसंच घरातल्या लाइटखाली व्हिडिओवर पट्टे सरकतात, त्यालाही लोक डिफेक्टिव्ह पीस म्हणतात. मेन्यूत ५० हर्ट्झ आणि ६० हर्ट्झ असा पर्याय असतो, तुमच्याकडच्या विजेचा जो असेल तो निवडा. बऱ्याचदा पट्टे तेवढ्यानेच जातात.

आता आवाज. माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे आणि हिच्याबद्दलच सगळ्यात कमी लिहिलं जातं. चित्र थोडं मऊ आलं तर माणूस बघतो, पण आवाज फाटका असेल तर दोन मिनिटांत बंद करतो. स्वस्त कॅमकॉर्डरचा माइक म्हणजे बॉडीवर एक बारीक भोक, आणि ते नेमकं जिथे बोटं येतात तिथे. वर आत ऑटो गेन असतो, म्हणजे बोलणारा थांबला की कॅमेरा आपणहून आवाज वाढवत नेतो आणि पंख्याची घरघर वर येते, मग तो परत बोलायला लागला की पहिला शब्द दणकन आदळतो. हे मेन्यूतून बंद करायची सोय सहसा नसते. म्हणून मी सगळ्यांना सांगते, बाकी काही नसलं तरी चालेल पण ३.५ मिलिमीटरचं माइकचं भोक असलेलाच घ्या. कोडॅकचा झेडआय८ नावाचा खिशात मावणारा कॅमेरा २००९ मध्ये आला होता, त्याला हे भोक होतं, आणि तेवढ्यासाठी लोक त्याच्या प्रेमात होते. फक्त एक सांभाळा, मोबाइलसाठी बनवलेल्या कॉलर माइकच्या पिनेवर तीन काळ्या रिंगा असतात आणि कॅमेऱ्याला लागते दोन रिंगावाली. मोबाइलवाला लावला की आवाज येतच नाही किंवा अगदी बारीक येतो, आणि दोष कॅमेऱ्याला जातो. मध्ये लावायचा छोटा अडॅप्टर मिळतो, तो घ्या.

या सगळ्या प्रकाराची सुरुवात आठवली की मला त्यात आजही शिकण्यासारखं दिसतं. अमेरिकेत प्युअर डिजिटल नावाच्या कंपनीने २००५ मध्ये आधी एकदाच वापरायचा कॅमकॉर्डर काढला आणि मग २००७ मध्ये फ्लिप अल्ट्रा. ६४० गुणिले ४८० चं चित्र, तासाभराचं रेकॉर्डिंग, दोन साधे पेन्सिल सेल, मागे एक मोठं लाल बटण आणि बाजूने झटकन बाहेर येणारी यूएसबीची पिन. बस. लोकांनी तो डोक्यावर घेतला. सिस्को नावाच्या मोठ्या नेटवर्किंग कंपनीने २००९ मध्ये प्युअर डिजिटल विकत घेतली आणि २०११ च्या एप्रिलमध्ये फ्लिप बंद करून टाकला, तोवर फोनमध्येच चांगला व्हिडिओ यायला लागला होता. पण फ्लिपवाल्यांनी जे सांगितलं होतं तेवढं तो करायचा. आजच्या स्वस्त कॅमेऱ्यांचं चित्र त्याच्यापेक्षा सरस असतं, तरी घेणारे जास्त चिडतात, कारण सांगितलेलं खूप मोठं असतं.

मग फोन असताना हा घ्यायचाच कशाला, हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. माझं उत्तर असं की फोन मोकळा राहतो. शूटिंगच्या मध्ये कॉल येत नाही, स्टोरेज भरल्याचा मेसेज येत नाही, आणि लहान मुलाच्या किंवा म्हाताऱ्या माणसाच्या हातात बिनधास्त देता येतो. माझ्या आत्याने असाच एक घेतला आणि आजीला खिडकीपाशी बसवून तिच्या लहानपणच्या गोष्टी रेकॉर्ड केल्या, रोज थोड्याथोड्या. सकाळचा उजेड तोंडावर, कॅमेरा छोट्या ट्रायपॉडवर, कॉलर माइक आजीच्या पदराला. स्क्रीन उघडली की कॅमेरा चालू, बटण दाबलं की सुरू. आजी फोनसमोर अवघडायची, फोन दिसला की तिला वाटायचं पलीकडे कोणीतरी ऐकतंय. या डबीकडे तिने दुसऱ्या दिवसापासून बघणंच सोडून दिलं आणि मग ती अशी काही बोललीय की आम्ही सगळे ते पुन्हापुन्हा बघतो. या कामासाठी महागातला कॅमेरा लागलाच नसता.

लांब रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी अजून एक बघावं. फोटोच्या बऱ्याच कॅमेऱ्यांवर २९ मिनिटं ५९ सेकंदांची मर्यादा असायची (युरोपात अर्धा तास किंवा त्याहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्याला व्हिडिओ कॅमेरा धरून जास्त जकात लागायची म्हणून), कॅमकॉर्डरला ती भानगड नसते, पण फाइल तुटतात. ३२ जीबीपर्यंतचं कार्ड फॅट३२ नावाच्या पद्धतीने फॉरमॅट होतं आणि त्यात ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावतच नाही, म्हणून कॅमेरा आपोआप नवीन फाइल सुरू करतो. चांगल्या कॅमेऱ्यात दोन फाइल जोडल्या की सांधा कळत नाही, वाईट कॅमेऱ्यात मधले एकदोन सेकंद गायब, आणि गाणं रेकॉर्ड करणाऱ्याला ते एक सेकंद किती लागतं ते त्यालाच विचारा. तपासायचं असेल तर भिंतीवरचं सेकंदकाट्याचं घड्याळ शूट करत ठेवा आणि सांध्यावर काटा उडी मारतो का बघा.

कार्ड किमान क्लास १० घ्या, ४केसाठी यू३ (हे कार्डाच्या वेगाचे शिक्के आहेत). आणि नवीन कार्ड आलं की पूर्ण भरून तपासा, विंडोजवर एच२टेस्टडब्ल्यू आणि लिनक्स-मॅकवर एफ३ नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्यासाठीच आहे, कारण खोट्या क्षमतेची कार्डं सर्रास फिरतात आणि त्यात पहिले काही जीबी नीट जातात, पुढचं सगळं हरवतं. कॅमेऱ्यासोबत फुकट आलेल्या कार्डाला तर मी आधी तपासल्याशिवाय हातच लावत नाही.

बॅटरी एकच येते आणि ती सांगितल्यापेक्षा कमीच चालते, तेव्हा दुसरी लगेच घ्या. यूएसबी केबल लावून रेकॉर्डिंग चालू राहतं का हेही पहिल्याच दिवशी बघून घ्या, काही कॅमेरे पॉवर बँकवर तासन्तास चालतात आणि काही केबल लागली की रेकॉर्डिंग सोडून कॉम्प्युटरला जोडल्यासारखे वागतात. आणि तारखेचा शिक्का मेन्यूतून बंद करून टाका. बॅटरी पूर्ण उतरली की कित्येकांचं घड्याळ मागे जातं आणि चुकीची तारीख चित्रातच छापली जाते, ती नंतर निघत नाही.

आता कोणी म्हणेल यापेक्षा चांगल्या कंपनीचा जुना का नको. ऑप्टिकल झूम हवाच असेल तर मी पण तोच सांगेन, पण कार्डवर रेकॉर्ड करणारा बघा. मिनीडीव्ही कॅसेटवाल्यांचं चित्र सुंदर असतं, पण तासाभराची कॅसेट म्हणजे साधारण १३ जीबी, ती कॉम्प्युटरवर घ्यायला तासच लागतो आणि त्यासाठी फायरवायर नावाचं जुनं पोर्ट लागतं जे आताच्या लॅपटॉपवर नसतं. जुना घेताना विकणाऱ्याकडे असतानाच झूम या टोकापासून त्या टोकापर्यंत नेऊन बघा, स्क्रीन उघडमीट करताना चित्र जातं का बघा, आणि त्या बॅटरीचा नंबर टाकून ती अजून मिळते का ते पैसे देण्याआधी शोधा.