शंभर ढाली आणि एक धुरकट

निविदा भरायला घेतली तेव्हा माझा बेत अगदी सोपा होता. चीनमधून तयार ढाली आणायच्या, न्हावा शेवाला सोडवायच्या, वर चार पैसे लावून द्यायच्या. नाशिकच्या अंबडमधल्या माझ्या गाळ्यात तोवर मशीन गार्ड आणि शेडसाठी पॉलिकार्बोनेट, म्हणजे काचेसारखं पारदर्शक कडक प्लास्टिक, कापायचं काम चालायचं. ढालीही त्याच्याच, त्यामुळे माल ओळखीचा होता. केंद्रीय दलाची, सरकारी खरेदीच्या जीईएम पोर्टलवरची निविदा, 400 नग, दंगा नियंत्रणाच्या पारदर्शक ढाली. अश्रुधुराच्या नळकांड्यांच्या वाटेला आपण जाणार नव्हतोच. ते काम टेकनपूरच्या बीएसएफच्या कारखान्याचं.

ओळखीतल्या सगळ्यांना वाटलं, कुंभमेळ्याचं काम मिळतंय. कुंभात ढालीचं काय काम? तिथं लागतात बॅरिकेड, मनोरे आणि माणसं. 2003 च्या सरदार चौकातल्या चेंगराचेंगरीत 39 जण गेले, तिथं ढाली कुणाच्या कामी आल्या असत्या?

असो. सीएकडे कागद घेऊन गेलो, तर त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. "शेठ, नियम 144(xi) वाचलात का?" नव्हता वाचला. 23 जुलै 2020 चा आदेश. भारताला जमिनीची सीमा लागून असलेल्या देशातल्या पुरवठादाराला सक्षम प्राधिकरणाकडे नोंदणी असल्याशिवाय सरकारी निविदेत भाग घेता येत नाही. मी पडलो नाशिकचा, मला काय त्याचं? पण चीनमधला तयार माल द्यायचा तर ज्याच्याकडून घ्यायचा त्याची नोंदणी लागते. सुटे भाग, कच्चा माल चालतो. माझी आख्खी ढालच तयार होती.

मग म्हटलं, युरोप. एका इटालियन कंपनीचा दर आला. भाडं, ड्युटी धरून तो चीनच्या जवळजवळ दुप्पट निघाला. तरीही भरलं असतं, पण इथं दुसरी पाचर. ज्याच्या मालात देशी हिस्सा 20 टक्क्यांहून कमी, तो 'नॉन-लोकल'. त्याला जागतिक निविदेतच जागा, आणि 200 कोटींच्या आत जागतिक निविदा सहसा निघतच नाही. म्हणजे विदेशी ढाल कुठूनही आणा, दार बंद. दोन महिने गेले होते, आणि इटलीशी केलेल्या ईमेलांचा एक गठ्ठा तेवढा पदरी उरला होता.

रात्री गाळ्यावर बसून कारागिराला म्हटलं, दादा, आपणच का करू नये? त्याने शीट कापायच्या राउटर मशीनकडे बघून मान हलवली. "वाकवायची तेवढी पंचाईत." चार मिलीमीटरचा शीट, गरम करून साच्यावर वळवायचा, कडेला रबरी बीडिंग, मागे फोम आणि हँडल. स्क्रूची भोकं जराशी मोठी ठेवावी लागतात, नाहीतर शीट फुगली-आक्रसली की भोकापासून तडा जातो. हे आम्हाला तिसऱ्या नमुन्यात कळलं.

देशी हिस्सा मोजताना आणखी एक धडा. शीट भिवंडीच्या डीलरकडून घेतला, बिल रुपयात, म्हणजे देशी, असं मी धरून चाललो होतो. सीए म्हणाले, मूळ बाहेरचा माल कुणाच्याही दुकानातून घेतला तरी बाहेरचाच. सुदैवाने इथंच बनलेला शीट मिळाला आणि हिस्सा पन्नास टक्क्यांच्या वर गेला. दहा कोटींच्या खालची निविदा, त्यामुळे स्वयंघोषणा पुरली. पण खोटी निघाली तर दोन वर्षांपर्यंत बंदी. सही करताना पेन जरा जडच वाटला.

नमुना पाठवायच्या आदल्या संध्याकाळी मात्र आमची फजिती झाली. पॅकिंगच्या टेपचा गोंद ढालीवर राहिला होता, म्हणून पोराने थिनर लावला. डोळ्यांदेखत पृष्ठभाग धुक्यासारखा पांढरा पडला आणि बारीक तडे उमटले. पॉलिकार्बोनेटला थिनर चालत नाही हे मी कितीदा तरी सांगितलं होतं, निदान तसं मला वाटतंय. रात्री साडेबारापर्यंत दुसरी केली, पहाटे बसने पाठवली.

दरांचा लिफाफा उघडला, तर एल-वन, म्हणजे सगळ्यात कमी दरवाला, वेगळाच, माझ्यापेक्षा 11 टक्क्यांनी खाली. आशा सोडली होती. पण एल-वन मोठी कंपनी होती आणि आमचं लघुउद्योगांच्या उद्यम नोंदणीत उत्पादक म्हणून नाव होतं. एल-वनहून पंधरा टक्क्यांपर्यंतच वर असलेल्या लघुउद्योगाला एल-वनचा दर मान्य असेल तर पंचवीस टक्के काम मिळतं. ट्रेडरला हे मिळत नाही. तयार ढाल आणली असती तर ही खिडकीही गेली असती. त्या दरात नफा नावालाच होता. बायकोने विचारलं, मग घेताय कशाला? शंभर नगांची ऑर्डर घेतली.

माल वेळेत गेला, बिल मात्र चार महिने पायपीट करवून मिळालं. ती धुरकट ढाल अजून गाळ्यात आहे. पोराने तिला ग्राइंडरपुढे गार्ड म्हणून बसवली आहे, आणि ठिणग्या उडाल्या की तो तिच्या मागून वाकून बघतो.