खाऱ्या पाण्यात उभं राहून तहान

समुद्राकाठच्या झाडाला दुष्काळ कसला, समोर एवढं पाणी पडलंय, असं मला खरंच कित्येक वर्षं वाटायचं. पण एक लिटर समुद्राच्या पाण्यात साधारण 35 ग्रॅम मीठ असतं आणि पाणी वळतं जास्त खारट बाजूकडे, त्यामुळे साधं रोप तिथे लावलं तर पाणी ओढणं राहिलं बाजूला, मुळांतलंच पाणी बाहेर जायला लागतं.

मग तिथली झाडं काय करतात, तर आतून समुद्राहून खारट होतात! आणि इथेच खरी भानगड आहे, कारण त्यांची एन्झाइम्स (पेशीतली कामं घडवून आणणारी प्रोटीनं) मिठाला आपल्या कुंडीतल्या झाडांइतकीच घाबरतात, बाहेर काढून टेस्ट ट्यूबमध्ये मीठ घातलं की ढेपाळतात. म्हणून मिठातलं सोडियम पेशीच्या व्हॅक्यूओलमध्ये कोंडायचं. व्हॅक्यूओल म्हणजे पेशीतली कोठीची खोली समजा, तिच्या भिंतीत प्रोटीनचे पंप असतात, ते हायड्रोजन बाहेर सोडतात आणि त्या बदल्यात सोडियम आत ढकलतात. पण कोठी खारट झाली की आजूबाजूच्या पेशीद्रव्यातलं पाणी तीच शोषणार ना? म्हणून त्या द्रव्यात प्रोलीन, ग्लायसिन बीटेन, मॅनिटॉल असे पदार्थ साठवावे लागतात, जे पाणी धरून ठेवतात पण एन्झाइम्सच्या वाटेला जात नाहीत.

बीटेन हे नाव बीटवरून आलंय, आणि आपलं नेहमीचं बीट ज्या रानटी झाडापासून आलं ते समुद्रकिनाऱ्यावरचंच, हे कळलं तेव्हा मला फार भारी वाटलं. (आपल्या किडनीच्या पेशीसुद्धा खारटपणा सोसायला हेच बीटेन साठवतात.) मात्र हे फुकट होत नाही हां, प्रोलीन आणि बीटेन दोन्हीला नायट्रोजन लागतो आणि वाळूत तो जेमतेम असतो, म्हणजे वाढीचा पैसा जगण्यावर खर्च. ‘मीठ आवडणारी झाडं’ हा शब्द म्हणूनच मला खटकतो, थोड्या मिठात खूश होणारी काही आहेत, पण बरीचशी बिचारी नुसती सोसतात.

प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. खारफुटीतलं कांदळ बहुतेक मीठ मुळाशीच अडवतं, तिथे बुचासारख्या सुबेरिनचा थर असतो. खारफुटीतलंच तिवर त्यामानाने जास्त मीठ आत येऊ देतं आणि पानांवरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं, कोरड्या दिवशी पानावर बारीक स्फटिक दिसतात, मी चाटून बघितलंय, चक्क मीठ.

पाणी फारच कमी पडलं की अ‍ॅब्सिसिक अ‍ॅसिड हे हार्मोन वाढतं आणि पानांची रंध्रं, म्हणजे हवा आत-बाहेर करणारी बारीक छिद्रं, मिटतात. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइड पण येईना आणि ऊन काही थांबत नाही, मग उन्हाची ती जास्तीची एनर्जी ऑक्सिजनला बिथरवते, म्हणजे तो पेशीलाच इजा करायला लागतो, त्याला आवरायला वेगळी एन्झाइम्स आणि फ्लेव्होनॉइड्स नावाचे पदार्थ लागतात. आइस प्लांट नावाचं एक झाड तर मीठ किंवा कोरड वाढली की अख्खी शिफ्टच बदलतं, रंध्रं रात्री उघडायची, आलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक अ‍ॅसिड करून ठेवायचा आणि दिवसा दारं लावून वापरायचा. त्यामुळे त्याची पानं पहाटे जास्त आंबट असतात आणि संध्याकाळपर्यंत तो आंबटपणा बराच उतरलेला असतो.